समोरची खाट

"चादर काढ. गादी पण उन्हात टाक," काकू म्हणाल्या. माझी आई तेव्हा तिथंच उभी होती, भिंतीला हात टेकून.

खाटेवर दोन मिनिटं बसली असेल. मला भेटायला गावाहून एसटीनं आली होती. भूकंपात आमच्या घराची दगडी भिंत तिच्या कमरेवर पडली. तेव्हापासून ती जमिनीवर बसली की उठवावी लागते. लातुरातल्या या वृद्ध महिलांच्या निवासात मी सेविका. काकू इथंच राहतात; त्यांच्या समोरची खाट रिकामी होती. तिथल्या बाई मुलाकडं नांदेडला कायमच्या गेल्या होत्या. मीच आईला म्हणाले, बस.

काकूंनी आधी गोड आवाजात गाव विचारलं. मग आडनाव विचारलं. आईनं सांगितलं. त्यानंतर चादर आठवली त्यांना.

"म्या न्हाई बसत, बाई," आई म्हणाली. "पोरीला उगं काम नका लावू माझ्यापायी."

लंगडत व्हरांड्यात गेली. एसटीची वेळ होईस्तोवर उभीच होती. मी चादर धुतली. माझ्या आईचं बसणं मी साबण लावून धुतलं.

आमच्याकडं एक पद्धत आहे. राहणाऱ्या सगळ्या बायकांना आम्ही 'आई' म्हणायचं. त्या आम्हाला 'मावशी' म्हणतात, नातीच्या वयाच्या पोरीलासुद्धा. पाहुण्यांना फार कौतुक वाटतं. काय घरगुती वातावरण, म्हणतात. मी काकूंना न्हाऊ घालायची, वेणी घालायची, टाचांना कोमट तेल चोळायची आणि दिवसभर आई, आई करायची. माझ्या हाताचा विटाळ त्यांना कधी झाला नाही, आडनाव कळल्यावरही नाही.

मला हेवा वाटायचा. खोटं कशाला बोलू? पोटात दुखायचं माझ्या. भूकंपात त्यांचंही घर पडलं. त्यांनी लातुरात जागा घेतली, मुलानं कोचिंग क्लास काढला, आता चौकाचौकात त्याचा फोटो लागतो. आमचंही पडलं. आम्हाला गावाबाहेर पत्रे मिळाले, नंतर दोन खोल्या, त्याही आमच्या लोकांच्या वेगळ्या रांगेत. अख्खं गाव नव्यानं बांधलं, तेवढी रांग मात्र जुनीच ठेवली. काकूंच्या मऊ टाचा हातात घेतल्या की मला आईच्या भेगा दिसायच्या. वाटायचं, हे तेल, हे पाणी, ही मी, सगळं हिलाच का?

त्या संध्याकाळी काकूंनी नेहमीसारखे पाय पुढं केले. "मावशी, तेल."

"आणते, काकू."

त्यांनी पाय आखडून घेतले. "काय म्हणालीस?"

"काकू म्हणाले."

व्यवस्थापक मॅडमनी बोलावून घेतलं. "आई म्हणायचं ठरलंय ना आपलं?"

"माझी आई आज दुपारभर व्हरांड्यात उभी होती, मॅडम. तुम्ही दोनदा तिच्या शेजारून गेलात."

"त्या वयस्कर आहेत. त्यांच्या मनाचा विचार कर."

"माझी आई बी वयस्करच हाय. कामात कसूर करणार न्हाई म्या. पर आई म्हणणार न्हाई."

शब्द मागं घेतला नाही. मला काढलंही नाही, कारण हे काम करायला बाई मिळत नाही. कोचिंगच्या पोरांचे डबे केले तर चार पैसे जास्त सुटतात आणि कुणाचं ढुंगण धुवावं लागत नाही.

खाट अजून रिकामीच आहे. दर महिन्याला विश्वस्त फळं घेऊन येतात, फोटो काढतात. मी पुढं होऊन विचारते, "ती खाट माझ्या आईला देता का? लागल तेवढं पगारातून कापा." ते एकमेकांकडं बघतात. बघू, म्हणतात. पुढच्या महिन्यात मी पुन्हा उभी राहते.

काकू खोल्याखोल्यांत सांगतात, ही मावशी आमच्यावर जळते.

जळते. मला त्यांची खाट नको. समोरची पाहिजे. मला कामावरून काढलं तर रस्त्यावरून येऊन मागीन. माझी आई काकूंच्या समोर, त्यांच्याच उंचीवर बसलेली मला बघायची आहे, आणि तेव्हा काकूंनी कुठं बघायचं ते त्यांचं त्यांनी ठरवावं.