सुकटीचे गाल भरले तेव्हा

लग्न होऊन मुरबाडजवळच्या या गावात आले, तेव्हा सासूबाईंनी मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि नाव ठेवलं, सुकट. म्हणजे उन्हात वाळवलेला जवळा. गालांची हाडं वर, मान काठीसारखी. लग्नाच्या फोटोत मुंडावळ्याच दिसतात, मी त्यांच्या मागे कुठेतरी आहे. त्यामुळे चाळिशी उलटल्यावर एका उन्हाळ्यात माझे गाल भरू लागले, तेव्हा मला झालेला आनंद काय सांगू!

सकाळी उठलं की तोंड टम्म, गुळगुळीत. दुपारपर्यंत जरा उतरायचं. म्हणून त्या शहाणीने (म्हणजे मीच, पण तिला 'मी' म्हणायला जीभ रेटत नाही) मिरवायची सगळी कामं सकाळी उरकायला घेतली. दळणाला सकाळी, किराण्याला सकाळी. दिराच्या मुलीच्या हळदीत फोटोवाल्याला अडवून सांगितलं, "भाऊ, माझा आत्ताच काढ. दुपारचा भरवसा नाय."

मंगळसूत्र गळ्याला काचायला लागलं, तर दोरा वाढवून पुन्हा ओवलं. पोलक्याचा गळा उसवून सैल केला. छातीवर निळ्या शिरांचं जाळं उमटलं, तर म्हणाली, रंग उजळला म्हणून शिरा दिसतात. आडवं झालं की जीव घुसमटायचा, म्हणून उशीवर उशी आणि वर घोंगडी ठेवून जवळजवळ बसूनच झोपायची. खोकला? धुळीचा. आवाज बसला? हळदीत गाणी म्हटली ना! उत्तराला ती कधी कमी पडली नाही.

मग आवणी आली. आमच्याकडे भाताची रोपं लावायला बायका एकमेकींच्या शेतावर जातात. आज तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. ओळीने वाकायचं आणि रोपं टोचत मागे सरकायचं. वाकलं की माझ्या डोक्यात ढोल वाजायचे, डोळ्यांपुढे काजवे. पण आवणीत माझा हात सगळ्यांत चलाख, मी कशाला उभी राहते!

शेजारच्या ओळीतली नणंद ओरडली, "वयनी, उभी रा गो! तुज्या तोंडाचं जांभूळ झालंय!"

"कामाने रंग चढतो. तू काम करून बघ एकदा," असं म्हणून ती बया पुन्हा वाकली आणि मुठीतल्या रोपांसकट तोंडघशी चिखलात गेली.

बांधावरून सासूबाईंचा आवाज आला, "उचला रे तिला, सुकट पुन्हा पाण्यात गेली!" बोलल्या तसं, पण सगळ्यांच्या आधी चिखलात उतरल्या त्याच.

मुरबाडच्या डॉक्टरांनी मान पाहिली, मानेच्या फुगलेल्या शिरा पाहिल्या. म्हणाले, "दोन्ही हात डोक्याच्या वर सरळ धरा."

"मी काय चोरलंय?"

"धरा तर खरं."

धरले. थोड्याच वेळात तोंड तापलं, श्वास कोंडला. समोरच्या काचेच्या कपाटात पाहिलं तर वांग्याला डोळे फुटलेले. डॉक्टरांचं हसू गेलं.

"हे गाल भरलेले नाहीत, बाई. रक्त तुंबलंय. आजच मोठ्या दवाखान्यात न्या. उशीर केलात तर मेंदूला सूज येईल, नाहीतर श्वासनळी दाबली जाईल."

जीवावर बेतलंय हे कळलं. आणि तिने विचारलं काय, तर, "बरी झाले तरी गाल राहतील ना?" डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने छताकडे.

"आवणी अर्धी राहिली," मी बाहेर येऊन म्हटलं.

"आवणी आमी बघतो," सासूबाई म्हणाल्या, "तू नीघ." माझ्या पदराने माझंच तोंड पुसलं आणि मला कल्याणच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवलं.

मोठ्या दवाखान्यात स्कॅन झालं. डॉक्टरीण चित्र काढून सांगायला लागली, पण मला खाचरच दिसलं. डोक्याचं आणि हातांचं रक्त एका मोठ्या शिरेतून खाली हृदयात उतरतं. छातीच्या हाडामागे एक गाठ वाढून त्या शिरेवर बसली होती. पाण्याची वाट बुजली की वरचं खाचर तुडुंब भरतं आणि पाणी खेकड्यांच्या बिळांतून वाट काढतं. छातीवरच्या निळ्या शिरा म्हणजे ती बिळं. माझं हे ऐकून डॉक्टरीण म्हणाली, "आजपासून मी असंच सांगणार."

डोकं उंच ठेवून निजवलं, नाकाला ऑक्सिजन लावला. सलाईन मात्र पायाला! मी नर्सला म्हटलं, "हात इकडे वर आहेत गो माझे." ती म्हणाली, "वरचा रस्ता बंद आहे, मावशी. खालून पाठवतो." मानेतही एक लहान गाठ सापडली होती, तिचा तुकडा आधी तपासायला गेला. मग कळलं, लसिका ग्रंथींचा कॅन्सर, पण औषधाला दाद देणारा.

शेजारच्या खाटेवरच्या बाईला फुफ्फुसाच्या कॅन्सरने असंच झालेलं. तिच्या शिरेत जाळीची नळी बसवली, तर तिचं तोंड माझ्याआधी उतरलं. मला तिचा रागच आला. पलीकडचीला डायलिसिससाठी गळ्याजवळ नळी होती. तिथे रक्ताची गुठळी झालेली, तिला रक्त पातळ करायची औषधं. तोंडं तिघींची सारखी, कारणं मात्र जिची तिची. बहिणी म्हणून खपलो असतो.

मला केमो मिळाली. केस गेले. गाठ आटत गेली तशा शिरा मिटल्या, श्वास मोकळा झाला आणि गाल उतरले. मी हळहळले, तोच औषधांतल्या स्टिरॉइडने तोंड पुन्हा चंद्रासारखं गोल! खोटं का बोलू, आरसा मागवला होता. पण औषधं थांबली तसा चंद्रही मावळला.

अखेर घरी आले तेव्हा गालांची हाडं वर, मान काठीसारखी, डोकं नारळासारखं. सासूबाई ओटीवर बसल्या होत्या. त्यांनी मला पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग आत तोंड करून ओरडल्या, "आली गो, माजी सुकट परत आली!" आणि डोळ्याला पदर लावून मला म्हणाल्या, "चुलीचा धूर मेला सगळा इकडंच येतो." चूल तेव्हा विझलेली होती.

आता सासूबाई नाहीत आणि मला नातवंडं आहेत. पण अजूनही कोणी म्हटलं, "आजी, तब्येत सुधारली हां!", की मी आत जाऊन दोन्ही हात वर करून आरशासमोर उभी राहते. नातवंडांना वाटतं, आजीला पोलिसांनी पकडलं. तोंड जांभळं होत नाही. हाडं जागच्या जागी असतात. मग मी हात खाली घेते आणि चहात साखर जास्त टाकते.