एक आणि दोनचा रकाना

बार्शीटाकळीत चंद्रभानला सगळे इंजिनिअर म्हणतात. मी म्हणत नाही. स्टँडसमोर त्याचं झेरॉक्स-कॉम्प्युटरचं दुकान आहे. २०१७ साली शेतकऱ्यांचे अर्ज ऑनलाइन झाले आणि हा माणूस सगळ्यांच्या डोक्यावर बसला. मशीनवर अंगठ्याचा ठसा उमटला नाही की म्हाताऱ्यांवर खेकसायचा. कागद मात्र सजवून द्यायचा. साधा अर्ज असला तरी चौफेर वेलबुट्टी आणि खाली दुकानाचा शिक्का. पानाबाहेर अक्षर गेलेलं त्याला खपायचं नाही.

त्याच वर्षी माझी धाकटी बहीण दीक्षा चार वर्षांच्या लेकीला, परीला घेऊन नांदगाव खंडेश्वरहून माहेरी आली. नवऱ्यानं तिचा मोबाइल दगडावर आपटला होता. सगळे मेसेज तिनं आधीच मेमरी कार्डात उतरवून ठेवले होते, म्हणून ती एक एक्सएमएल फाइल तेवढी उरली. परी कोणाकडे राहणार हे ठरवायला दोन्हीकडच्या मोठ्यांची बैठक बसणार होती. तिथं नवऱ्याच्या धमक्या वाचून दाखवायच्या होत्या. पण फाइल उघडली की नुसतं कंसांचं आणि आकड्यांचं रान. नाइलाजानं आम्ही दोघी बहिणी चंद्रभानकडे गेलो.

बैठकीच्या दिवशी त्यानं छापलेला तक्ता पाकिटात घालून, वर पिन मारून दिला. निवृत्त तलाठी उत्तमरावांना दोन्हीकडचे मानायचे. त्यांनीच पाकीट फोडून वाचायला घेतलं.

"पोरीले विहिरीत टाकीन, मंग बस बोंबलत." ते दीक्षाकडे वळले. "दीक्षा, हे तू लिवलं? वर तं तुहंच नाव आहे."

तारीख होती, वेळ होती, मजकूर होता. कोणता मेसेज आलेला आणि कोणता पाठवलेला, हे मात्र पानावर कुठंच नव्हतं. दीक्षा कळवळून सांगत राहिली, पण छापील कागदापुढे तिचं कोण ऐकणार? नवऱ्यानं मान खाली घातली. "हिचं रोजचंच आहे काका," म्हणाला नालायक.

मी तडक दुकान गाठलं.

"एक-दोन, एक-दोन, सारा रकाना फालतू आकड्यांचा," चंद्रभान म्हणाला. "पानात मावत नोता. काढून टाकला."

एक म्हणजे आलेला, दोन म्हणजे पाठवलेला. माझ्या आवाजानं रस्त्यावरची माणसं थांबली, तेव्हा त्यानं गुमान नावांसकट नवा कागद काढला. पण पहिला चुकला होता एवढं बैठकीत येऊन सांग म्हटलं, तर हात झटकले.

"चारचौघात मी चूक कबूल करू? उद्या कोन येईन माह्याइथं?"

पुढच्या बैठकीत उत्तमरावांसमोर दोन कागद होते आणि दोन्हींवर तोच शिक्का. त्यांनी चंद्रभानला बोलावणं धाडलं. दुकान हाकेच्या अंतरावर, पण तो उठला नाही. मग उत्तमराव म्हणाले, "दुसरा कागद तुमी मागून बनवून आनला. पयलाच खरा धरा लागते."

परी बापाकडे गेली. चंद्रभानचं दुकान जोरात चालू आहे, आणि ते दिसलं की माझं डोकं भणभणतं. दीक्षा कोणाला शिव्या देत नाही. भाकरी थापता थापता मला एकच विचारते, "बाई, त्यायच्या घरामागच्या विहिरीले कठडा बांधला असन का?"