मागच्या सीटची तपासणी

आमच्या क्यूसी डिपार्टमेंटमध्ये खिडकीखाली एक लाल पेटी आहे. नापास झालेले पार्ट त्यात टाकायचे. रोज एखाददुसराच पडतो, पण महिनाअखेरीला पेटी उचलायला दोन माणसं लागतात. किश्श्यांचंही तसंच होतं बघा! आणि आमच्याकडच्या किश्श्यांतला निम्मा माल एकट्या बोरस्तेभाऊंचा.

सिन्नरच्या एमआयडीसीत आमची कंपनी. बोरस्तेभाऊ पार्टची मापं घेतात, मी रिपोर्ट लिहिते. भाऊंचं वय बावन्न. केसाएवढा फरक निघाला तरी पार्ट बाजूला! टूलरूमचे सोनवणे म्हणतात, "या माणसानं लग्नात अंतरपाटसुद्धा मोजून धरायला लावला असेल!"

हा माणूस सव्वीस वर्षं नाशिकहून कंपनीच्या बसनं येतोय, ड्रायव्हरच्या मागची खिडकी धरून. स्वतःची दुचाकी कधी घेतली नाही. एक दिवस बसमध्ये हळूच म्हणाले, "ताई, मोटरसायकल घ्यावी म्हणतो."

अख्ख्या बसनं माना वळवल्या.

*

गाडी बघायला मला आणि सोनवण्यांना सोबत नेलं. चार शोरूम पालथी घातली. प्रत्येक ठिकाणी सेल्समन म्हणायचा, "सर, बसून बघा ना." भाऊ बसायचे, पण मागच्या सीटवर!

"सर, पुढे बसा."

"तू बस पुढे. मी इथंच बरा आहे."

मग खिशातून टेप निघायची. मागच्या सीटची रुंदी, पाय ठेवायच्या जागेची उंची, धरायची दांडी, पाठीला टेकू आहे का नाही. सोनवणे वैतागले. "अहो, इंजिनचं विचारा, अॅव्हरेज विचारा!"

"ते पुढच्या माणसाचं. बघू नंतर."

शेवटी एक गाडी पसंत पडली. बुटकी, लांबलचक, मागे सोफ्यासारखी सीट. चिनी बनावटीची! सोनवण्यांनी कपाळाला हात लावला. सेल्समन मात्र पार गोंधळला होता. त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, गाडी हेच चालवणार आहेत ना?"

*

चायनीज म्हटल्यावर कंपनीत जो दंगा झाला, विचारू नका! "भाऊ, दिवाळीची माळ घेतली का गाडी?" "पावसात विरघळली तर?" बोरस्तेभाऊ शांत. गाडी सोनवण्यांनी चालवत कंपनीत आणली. भाऊंनी तिला काय लावावं? पिवळा टॅग!

आमच्याकडे टॅगशिवाय काही हलत नाही. हिरवा म्हणजे पास, लाल म्हणजे नापास, पिवळा म्हणजे होल्ड, तपासणी बाकी. त्यावर पार्टचं नाव, तपासणाऱ्याची सही आणि शेरा. भाऊंनी पार्टच्या नावापुढे 'मोटरसायकल' लिहिलं आणि टॅग हँडलला बांधला.

जेवणाच्या सुट्टीत सगळं डिपार्टमेंट व्हर्नियर, गेज, टॉर्च घेऊन पार्किंगमध्ये! चेन मोजली, चाकांची रेषा बघितली, वेल्डिंगवर नखं फिरवली. सोनवणे तर जमिनीवर आडवे झाले होते. चायना मालाची खोड काढायचीच, असा पणच केला होता त्यांनी. पाऊण तासानं सापडली एकदाची! एक बोल्ट ढिला!

"बघा! मी म्हणत नव्हतो?"

बोरस्तेभाऊंनी वाकून बघितलं. "सोनवणे, ही नंबरप्लेट. ही नाशकात बसवलीये."

*

गाडी शिकले ते सोनवण्यांच्या जुन्या गाडीवर, कंपनीच्या मागच्या मैदानात. बावन्नाव्या वर्षी क्लच सोडायला शिकणं म्हणजे काय, ते बघायला कँटीनची माणसंसुद्धा भिंतीवर चढून बसायची. गाडी दहा वेळा बंद पडली तरी भाऊ चिडायचे नाहीत. खाली उतरायचे, वहीत काहीतरी लिहायचे, पुन्हा चढायचे.

लायसन्सच्या परीक्षेला सोनवणेच बरोबर गेले होते. आठचा आकडा काढायचा, पाय टेकवायचा नाही. भाऊंनी काढला. आरटीओच्या साहेबांनी पास लिहिलं. पुढचा उमेदवार आलासुद्धा, पण भाऊ जागचे हलेनात.

"साहेब, दुसऱ्या वळणावर माझा डावा पाय टेकला."

"मला नाही दिसला."

"टेकला होता. नापास करा."

"अहो काका, जा ना घरी! पास झालात!"

"पण मला येत नाही अजून!"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "पास करा म्हणून पाया पडणारे रोज बघतो. तुमच्यासारखा पहिलाच!" आणि भाऊ खरंच पुढच्या आठवड्यात पुन्हा परीक्षा देऊन आले. सोनवणे आठ दिवस त्यांच्याशी बोलत नव्हते, कारण त्यांची एक रजा फुकट गेली होती.

*

आम्ही हसलो खूप, खोटं कशाला बोलू? पण ते मी श्रावणातल्या हळदीकुंकवाला बोरस्त्यांच्या घरी जाईपर्यंतच.

सुशीलावहिनी, म्हणजे भाऊंची बायको, येवल्याच्या. तिथली ठसठशीत बोली, स्वभाव कडक आणि हाताला चव. त्या कुंकू लावायला अर्धं पाऊल जास्तच पुढे येतात, हे मी दरवर्षी बघायचे. या वेळी लक्षात आलं, त्यांचा उजवा हात कोपरात पुरता सरळ होत नाही.

मी बघतेय हे त्यांनी ओळखलं. म्हणाल्या, "लग्नाला तीन महिने झाले होते. माहेरी जायचं, म्हणून यांनी चुलतभावाची गाडी मागून आणली. मी विचारलं, 'येते ना चालवायला?' म्हणाले, 'येते की!' येत नव्हती. विंचूरच्या पुढं वळणावर खडी होती."

माझी नजर पुन्हा त्या हाताकडे गेली.

"हात मोडला त्याचा राग नाही हो ताई. खडी काय, कुणालाही आडवी येते. 'येते' म्हणाले, त्याचा आहे! तेव्हापासून यांनी गाडीला हात लावला नाही आणि मी विषय काढला नाही. आता म्हणतात, चल, एकदा गाडीवर येवल्याला जाऊ. मी आधीच सांगून टाकलंय, गाडी घ्या, खुशाल घ्या. मी बसणार नाही."

दुसऱ्या दिवशी मी सोनवण्यांना हे सांगितलं. ते मग उठून भाऊंच्या टेबलावर चहा ठेवून आले.

*

लायसन्स मिळालं तरी भाऊ बसनंच यायचे. गाडी फक्त रविवारी काढायची. मागच्या सीटवर काय बांधलेलं असावं? कांद्याची गोणी! मोजून अठ्ठावन्न किलो! मागं वजन असल्यावर ब्रेक कसा लागतो, वळणावर गाडी कशी झुकते, हे शिकायचं होतं त्यांना. दर रविवारी नाशिक ते सिन्नर, सिन्नर ते नाशिक, गोणी मागे आणि भाऊ पुढे.

एकदा वाटेवरच्या मोहाच्या घाटात एका टेम्पोवाल्यानं आडवा हात करून थांबवलं. "काका, काय भावानं द्यायचा?"

"द्यायचा नाहीये."

"मग चाललात कुठं घेऊन?"

"कुठं नाही. फिरवून आणतो."

टेम्पोवाल्यानं म्हणे गोणीला हात जोडले. "लय भारी," म्हणाला, "आमच्या कांद्याचं असं नशीब नाय!"

हा किस्सा सोनवण्यांनी बसभर केला आणि तो पोहोचायचा तसा वहिनींपर्यंत पोहोचला. वहिनींनी भाऊंना उभं केलं. आम्हाला वाटलं, आता काही खरं नाही! पण त्या एवढंच म्हणाल्या, "अठ्ठावन्न कुठून आणलंत? मी छप्पन्न आहे."

पुढच्या रविवारी भाऊंनी गोणीतून दोन किलो कांदे काढले.

*

तरी तो पिवळा टॅग हँडलवर लटकतच होता. चार महिने! ऊन लागून पांढरा पडला. सोनवणे म्हणायचे, "अहो, हिरवा लावा आता, करा सही!" भाऊंचं उत्तर ठरलेलं. आमच्या डिपार्टमेंटचा पहिला नियमच तो आहे. ज्यानं काम केलं, त्यानं स्वतःचं काम पास करायचं नाही.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी कंपनीत मशिनांची पूजा असते, झेंडूची तोरणं, पेढे, सगळ्यांची घरची माणसं येतात. वहिनी आल्या बसनं. भाऊ त्या दिवशी पहिल्यांदा गाडीवर आले, एकटे, बसच्या मागे मागे. पूजेत गाड्यांनाही हार घातले. चायनीज गाडीला सोनवण्यांनी सगळ्यात मोठा हार घातला आणि वर नारळही फोडला.

परतायची वेळ झाली. सगळे बसमध्ये चढले. वहिनी माझ्या शेजारी बसल्या होत्या. ड्रायव्हरनं बस सुरू केली, तशा उठल्या. म्हणाल्या, "थांबवा जरा."

खाली उतरून थेट गाडीपाशी गेल्या. भाऊ हेल्मेट घालून उभे होते. वहिनींनी तो टॅग हातात घेऊन वाचला. मग भाऊंना विचारलं, अगदी आम्हा सगळ्यांना खिडकीतून ऐकू जाईल असं, "येते ना चालवायला?"

भाऊंनी हेल्मेट काढलं. म्हणाले, "सिन्नर ते नाशिक येते. त्याच्या पुढं गेलो नाही अजून."

वहिनी वळल्या आणि बसच्या दारात उभ्या असलेल्या सोनवण्यांकडे हात पुढे केला. "तो हिरवा असतो ना, तो द्या. आणि पेन."

सोनवणे या वयात डिपार्टमेंटपर्यंत पळत गेले!

त्या दिवशी नाशिकपर्यंत गाडी पुढे आणि बस मागे होती. ताशी तीसनं! ड्रायव्हरनं एकदाही हॉर्न वाजवला नाही, आणि बसमधल्या कुणीही उशीर होतोय म्हणून तक्रार केली नाही. वहिनींनी येवल्याची हिरवी साडी नेसली होती आणि तो वाकडा हात भाऊंच्या खांद्यावर होता. मी रडले. लपवायचं काय त्यात?

दसऱ्याची सुट्टी संपवून आलो, तर गेटच्या आत चायनीज गाडी उभी, हँडलला हिरवा टॅग. आजूबाजूला कुणी नाही बघून मी वाचला. पार्टचं नाव, मोटरसायकल. तपासणाऱ्याची सही, सुशीला बोरस्ते. आणि खाली शेरा:

'नाशिकपर्यंत ओके. येवल्याचं रविवारी बघू.'