ठाण्याला जायचं

आंबिवलीत नीला शेजवळ कुणाच्या दारात उभी राहिली की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. झोप कशी आहे?

तब्येत कशी आहे असं ती विचारत नाही. त्याला सगळे बरी आहे म्हणतात. मन कसं आहे असं विचारलं तर दार लागतं. झोपेची मात्र कुणालाच लाज वाटत नाही. सून सासूच्या झोपेबद्दल बोलते, सासू मुलाच्या. चहा येतो. कप रिकामा होता होता खरं काय ते बाहेर पडतं.

हे तिला कुणी शिकवलं नाही. ती ब्लाऊज शिवायची. वीस वर्षं शिवले. मापं देताना बायका मनातलं खूप बोलतात, कारण मापं घेणारीच्या तोंडात टाचण्या असतात आणि तिला मध्ये बोलता येत नाही. सहा वर्षांपूर्वी मनाच्या आजारांवर काम करणारी एक संस्था वस्तीत आली. घरोघर जायला त्यांना इथलीच माणसं हवी होती. नीला गेली. दहावी पास, वय त्रेचाळीस. प्रशिक्षणात बाकीच्या मुली वह्या भरत होत्या, ही नुसती ऐकत बसली. आज तिच्याकडे चार चाळी आणि दोन इमारती आहेत. रविवारी विहारात वंदना झाली की दहा मिनिटं ती बोलते. हळदीकुंकवात दहा मिनिटं. रेशनच्या रांगेत मिळतील तेवढी.

नव्या मुलींना शिकवताना ती फळ्यावर काही शब्द लिहिते आणि त्यांच्याकडूनच ते खोडून घेते. येडा. सर्किट. डोक्यावर पडलेला. शेवटचा मोठ्या अक्षरात लिहिते: ठाण्याला पाठवा.

हा खास आपल्या भागातला. बाकी जगासाठी ठाणं हे एक शहर आहे. इथून माणसं रोज तिथे नोकरीला जातात, लग्नाची खरेदी करायला जातात. पण मनोरुग्णांचं इस्पितळ तिथे आहे. त्यामुळे कुणी उलटा शर्ट घातला तरी त्याला ठाण्याला न्यायची भाषा होते. कट्ट्यावरून जाताना नुसतं "ठाण्याला चाललोय" म्हटलं, तरी मागून आवाज येतो, "किती दिवसांसाठी रे?"

हे सगळं नीलाला पाठ होतं. तरी चूक तिनंच केली.

सुशांत तेवीस वर्षांचा. वडील नाहीत. आई कलावतीबाई एका पाळणाघरात स्वयंपाक करतात. मुलगा मोबाईलच्या दुकानात कामाला होता, तो एके दिवशी दुपारीच घरी आला. दुकानातली माणसं आपल्याबद्दल बोलतात म्हणाला. मग शेजारी बोलतात म्हणाला. मग नळातून आवाज येतात म्हणाला, आणि मोरीतल्या नळाला त्यानं फडकं बांधलं. आतल्या खोलीत गेला तो सात महिने दिवसाउजेडी बाहेर आला नाही. ताट दारात ठेवायचं, रिकामं झालं तर उचलायचं. पुष्कळदा तसंच भरलेलं उचलायचं.

नीला अकरा वेळा गेली. पहिल्या सात वेळा बंद दाराशी बोलली. कशावर बोलायची? कुठली शिवण कशी उसवते, कुणाची बाही कशी तोकडी झाली, असलं काहीही. आठव्या वेळी आतून "हं" आलं. दहाव्या वेळी दार चार बोटं उघडलं. अकराव्या वेळी, एका सोमवारी सकाळी, त्या फटीतून सुशांतनं स्वतःच विचारलं, की झोपेची गोळी देणारा डॉक्टर असतो का.

असते, नीला म्हणाली. बाई आहेत. मृणाल मॅडम. बुधवारी भेटतात. येशील?

"हां."

त्या एका हां वर ती इतकी खूश झाली की भानच राहिलं नाही. संस्थेचा दवाखाना आधी डोंबिवलीत भरायचा. तिथली जागा गेली म्हणून दोन महिन्यांपूर्वी तो ठाण्यात वर्तकनगरला हलवला होता. सहा वर्षं "डोंबिवलीला जायचं" म्हणायची सवय होती, तेव्हा नवा पत्ता सांगताना ती मुद्दाम जपून बोलली आणि नेमकी घसरली.

"मग सकाळी नऊला तयार राहा हं. ठाण्याला जायचं."

दार लागलं. कडी लागली. मग काहीतरी जड ओढत आणून दाराला लावल्याचा आवाज आला.

कलावतीबाई ओट्याशी उभ्या होत्या. त्या खालीच बसल्या. मग त्यांनी सांगितलं, की पंढरीभावजींचा फोन आलेला. पंढरी म्हणजे सुशांतचे काका, जुन्नरकडे असतात. भावाच्या माघारी घराकडे त्यांनीच पाहिलं, माणूस वाईट नाही. पण त्यांचा धीर संपला होता. रविवारी ते जीप घेऊन येणार होते, सोबत दोन माणसं. गोड बोलून पोराला गाडीत बसवायचं आणि ठाण्याच्या इस्पितळात न्यायचं. नाही बसला तर उचलायचं.

"काय सांगून बसवणार?" नीलानं विचारलं.

"गावाला जत्रा आहे म्हणून."

नीलानं हातातला कप खाली ठेवला.

तिला एक भाऊ आहे. रत्नदीप. एकोणीस वर्षांपूर्वी तो बावीसचा होता आणि सुशांतसारखाच खोलीत बसलेला. तेव्हा नीलानंच त्याला सांगितलं होतं, चल, माजिवड्याला मावशीकडे जाऊ, मटण केलंय. तो उठला. सात आठवड्यांत पहिल्यांदा अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला. रिक्षा माजिवड्याला थांबली नाही. त्यानं एकदाच वळून ताईकडे बघितलं. मग इस्पितळाच्या फाटकाशी आधीच येऊन थांबलेल्या दोन मामांनी दोन्ही बाजूंनी त्याचे हात धरले.

इस्पितळात तो बरा झाला. हे ती प्रामाणिकपणे सगळीकडे सांगते. औषधं लागू पडली, आजही तो गोळी घेतो, लग्न झालं, पाण्याच्या जारचा स्वतःचा टेम्पो आहे. पण तेव्हापासून तो दुसऱ्यानं चालवलेल्या गाडीत बसत नाही. टेम्पो त्यानं त्यासाठीच घेतला. चौदा एप्रिलला नीलाकडे येतो, जेवतो, भांडं विसळून ठेवतो, जातो. त्या शर्टाबद्दल दोघं कधी बोलले नाहीत.

त्या दिवशी संध्याकाळी ती त्याच्या गोदामात गेली. तो रिकामे जार उतरवत होता. ती उभ्याउभ्याच बोलली. सुशांतचं सांगितलं, आपल्या तोंडून निघालेला शब्द सांगितला, रविवारची जीप सांगितली. जत्रेचं सांगितलं तेव्हा रत्नदीपचे हात थांबले.

"मी तुला तेव्हा खोटं बोलले," ती म्हणाली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

त्यानं एक जार उतरवला. मग दुसरा.

"खरं सांगितलं असतंस तर मी आलो नसतो, ताई," तो म्हणाला. "तरी सांगायला पाहिजे होतंस."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

"उद्या किती वाजता येऊ?" त्यानं विचारलं.

मंगळवारी अकराच्या सुमाराला तो आला. कलावतीबाईंनी खुर्ची दिली, ती त्यानं बाजूला केली आणि दाराला पाठ लावून जमिनीवर बसला. नीलाला त्यानं मानेनंच लांब जायला सांगितलं. ती ओट्यापाशी जाऊन उभी राहिली.

"मी रत्नदीप. नीलाताईचा भाऊ," तो दाराला म्हणाला. "मी ठाण्याला होतो. आत. सात आठवडे."

आत काही हललं नाही. रत्नदीपही हलला नाही. बाहेर कुणाच्या तरी मिक्सरचा आवाज सुरू होऊन थांबला.

"बांधतात?" आतून आवाज आला.

"मला घरच्यांनी धरलेलं, नेताना. तिथे नाही बांधलं."

नीला ओट्याची फरशी पुसत होती. ती आधीच पुसलेली होती.

"परत सोडतात?"

"मग मी काय भूत आलोय काय?"

आतून एक बारीक आवाज आला. कलावतीबाई आजही शपथेवर सांगतात, की तो हसला.

मग रत्नदीपनं रविवारच्या जीपचं खरं ते सांगितलं आणि नीट समजावलं. उद्या जायचंय ते इस्पितळ नव्हे. वर्तकनगरला तळमजल्यावर दवाखाना आहे, दहा-बारा खुर्च्या, एक डॉक्टरीणबाई. बोलायचं, घरी यायचं. गोळी द्यायची की नाही ते त्या ठरवणार, घ्यायची की नाही ते तू विचारून ठरव. नळातले आवाज खरे का खोटे, यावर तो एक शब्द बोलला नाही. मलाही यायचे, एवढंच म्हणाला, पंख्यातून.

सुशांतला ट्रेन नको होती. रिक्षाही नको होती. रत्नदीप म्हणाला, टेम्पो आहे. दोघांपुरतीच जागा आहे, त्यामुळे ताई नाही, आई नाही. दाराचं हँडल तुझ्या हाताशी. जिथे म्हणशील तिथे थांबवीन.

ते जड काहीतरी बाजूला सरकल्याचा आवाज झाला. ते कलावतीबाईंचं शिलाई मशीन होतं.

बुधवारी अकराची वेळ मिळाली होती. नीला आणि कलावतीबाई साडेदहालाच वर्तकनगरला पोचल्या. टेम्पो नऊला सुटला, एवढं त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. सुशांत खाली मान घालून चालत आला होता, अंगावर हिवाळ्यातला स्वेटर, आणि चाळीतल्या बायका कामं सोडून बघत उभ्या होत्या. नीलानं त्यांच्याकडे असं काही बघितलं, की त्या आत गेल्या.

अकरा वाजले. साडेअकरा वाजले. रत्नदीप गाडी चालवताना फोन घेत नाही. नीला दवाखान्याच्या पायरीवर बसली. आपण त्या टेम्पोत नाही ही गोष्ट तिला सहन होत नव्हती. सहा वर्षांत तिनं चाळीसेक माणसांना दवाखान्यात आणलं, प्रत्येक वेळी शेजारी बसून. आज तिच्या हातात काहीच नव्हतं.

"उडी मारली असेल त्यानं," कलावतीबाई म्हणाल्या. "जीपच बरी होती, नीलाताई. निदान घट्ट धरलं असतं."

त्या क्षणी नीलालाही तसंच वाटलं. मृणाल मॅडम एकदा बाहेर येऊन सांगून गेल्या, की मी एकपर्यंत असते, पण आज दोनपर्यंत थांबेन.

बारा वाजून वीस मिनिटांनी कोपऱ्यावर रिकाम्या जारांचा खडखडाट ऐकू आला.

टेम्पो थांबला. डावीकडचं दार आतून उघडलं. सुशांत उतरला. स्वेटर काढून त्यानं कमरेला बांधला होता. आईकडे बघितलं, नीलाकडे बघितलं, आणि विचारलं, "चपला कुठे काढायच्या?"

तो आत गेल्यावर रत्नदीपनं सांगितलं. माजिवड्याला पुलाखाली सुशांत म्हणाला, उतरायचंय. यानं गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. सुशांत उतरून चालायला लागला. बराच लांब गेला, दिसेनासा झाला.

"तू मागे नाही गेलास?" नीलानं विचारलं.

"नाही."

"आणि तो नसता आला तर?"

"तर तुला फोन केला असता." त्यानं चेहरा पुसला. तेव्हा तिला दिसलं, की त्याचा शर्ट पाठीला चिकटलाय. घामानं पूर्ण भिजला होता तो. "पाऊण तास, ताई. पाऊण तास बसलोय मी तिथे. मग आला आणि म्हणाला, चला."

नीला पायरीवर जरा सरकून बसली. रत्नदीप तिच्याशेजारी पायरीवर बसला. तो लगेच उठला नाही.

सुशांत तासाभरानं बाहेर आला. हातात चिठ्ठी होती. ती त्यानं आईला दिली नाही, घडी करून स्वतःच्या खिशात ठेवली. कलावतीबाईंनी तोवर पंढरीभावजींना फोन लावला होता, पण त्यांना रडूच इतकं येत होतं की पलीकडच्या माणसाला वाटलं काहीतरी वाईट झालं. सुशांतनं त्यांच्या हातातून फोन घेतला.

"काका, सुशांत बोलतोय. रविवारी जीप नका आणू." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "नाही, कुणी नाही आणलं. माझा मी आलोय. पुढच्या बुधवारी परत बोलावलंय."

मग घरातली मोठी माणसं विचारतात तेच पंढरीकाकांनी विचारलं, जेवलास का?

सुशांतनं जरा विचार केला.

"नाही अजून. भूक लागलीय."

कलावतीबाई ताडकन उठल्या आणि त्यांनी पदर खोचला. मग आपण कुठे आहोत ते त्यांच्या लक्षात आलं आणि त्या ओशाळून हसल्या. रस्त्याच्या पलीकडे उडप्याचं हॉटेल होतं. चौघं तिकडे गेले. सुशांतनं भिंतीकडची खुर्ची घेतली, मेनूकार्ड दोनदा वाचलं, आणि दोन प्लेट इडली सांगितली. दोन्ही स्वतःसाठी.