निखाऱ्याला धूर नसतो

बारावीला श्वसन शिकवताना एका वाक्यापाशी मी थांबत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा कार्बन मोनॉक्साइडला कितीतरी पट घट्ट धरून ठेवतं. पोरी लिहून घेतात, मी पुढचा मुद्दा काढते.

माझं पहिलं बाळंतपण देवगाव रंगारीला, माहेरी झालं. मुलगी झाली. थंडी मी म्हणत होती. आईनं मागच्या खोलीच्या खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या, दाराखाली गोधडी लावली. वारं म्हणजे आमच्याकडं बाळंतिणीचा वैरी. सकाळी न्हाणं झालं की बाजेखाली शेगडी यायची, निखाऱ्यांवर ओवा पडायचा आणि वर आम्ही मायलेकी शेकत पडायचो.

एके सकाळी माझं डोकं ठणकायला लागलं. उठून खिडकी उघडावी, तर पायांत बळ नव्हतं.

"आई, खिडकी उघड. कोळशाचा वायू कोंडलाय."

"वारं लागंल. बाळंतिणीचं डोकं दुखतंच, बाई. आन् धूर कुठंय? निखारा झाल्याबिगर म्या शेगडी आत आणतच नाय."

हे मात्र खरं होतं. कोळसे लालबुंद होईपर्यंत ती अंगणात बसून राहायची. धूर नाही म्हणजे अपाय नाही, हा तिचा हिशेब. त्या वायूला ना रंग असतो ना वास, हे सांगितलं तर म्हणाली, "तुझं कॉलेज कॉलेजात ठिव." मग कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर आणून माझ्या बोटाला लावला. अठ्ठ्याण्णव! तो आकडा तिनं चुलतीलाही दाखवला. चुलती दारातूनच म्हणाली, "व्हय की. लई गुलाबी झालीय पोरगी. डिंकाचं लाडू अंगी लागलं."

त्या यंत्राला रक्ताची लाली तेवढी कळते. त्या लालीत ऑक्सिजन आहे की त्याच्या जागेवर दुसऱ्यानंच ठाण मांडलंय, ते कळत नाही. शहरातल्या दवाखान्यात तोंडावर मास्क लावून पडले होते, तेव्हा डॉक्टरांनी हे सांगितलं. भावानं दार उघडलं तेव्हा मी शुद्धीवर नव्हते. मी वाचले. मुलगी वाचली नाही.

भाऊ सांगतो, आई तिला कुणाच्या हाती देईना. "गाल बघा की तिचं. झोपलीय नुसती," म्हणत राहिली. गाल खरंच गुलाबी होते. तोही त्या वायूचाच रंग. आई अजून म्हणते, दृष्ट लागली. मला तिची कीव यायला हवी, असं सगळे सुचवतात. मला रागच येतो.

यंदा थंडीत भावजयीचं दुसरं बाळंतपण देवगावलाच ठरलं. दिवस भरत आले होते, म्हणून मी भेटायला गेले. तीच खोली. शेगडी घासूनपुसून तयार, खिडकीत चिंध्यांचं गाठोडं.

"ह्या टायमाला दृष्टीचं मीठ-मोहऱ्या आधीच काढून ठिवल्यात," आई म्हणाली.

मी भावाच्या मोटारसायकलच्या डिकीतून स्क्रूड्रायव्हर आणला आणि खिडकीची दोन्ही दारं बिजागऱ्यांपासून सोडवली. गार वारं भसकन आत आलं.

"अगं, वारं लागंल तिला!"

"लागू दे."

भावजय हळूच उठली, पोट सावरत बाजेपाशी गेली आणि एका हातानं बाज खिडकीकडं ओढायला लागली. दुसरं टोक मी धरलं.