मामाजींचे सांधे

लग्न होऊन भिलाईला आले त्या पहिल्याच हिवाळ्यात, एका पहाटे पडद्यापलीकडून बोलण्याचा आवाज आला आणि मला वाटलं, घरात कोणी पाहुणा उतरला आहे. कॅम्प-१ या कामगारवस्तीत आमची पत्र्याची एकच खोली होती. मधोमध जुन्या लुगड्याचा पडदा. अलीकडे आम्ही दोघं, पलीकडे माझे सासरे. "उजवं मनगट, हाये. डावं मनगट, हाये. खांदे, दोघंही आले. उजवा गुडघा, हाये. डावा... डाव्या, ऊठ ना बाबा, भोंगा होऊन राहिला." मी घाबरून ह्यांना हलवलं. हे कूस बदलून म्हणाले, "बाबा हाजरी घेऊन राहिले. झोप तू."

मारोतराव कापगते हे त्यांचं नाव. आमच्या भंडाऱ्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात, म्हणून मी मामाजीच म्हणत असे. मूळ घर साकोलीकडचं, भातशेतीचं. तरुणपणी ते रेल्वेच्या पुलांच्या कामावर खलाशी म्हणून लागले. खलाशी म्हणजे दोर, कप्पी आणि साखळीनं अवजड लोखंड उचलून उंचावर बसवणारा माणूस. पुढे सासूबाई वारल्या, आणि भिलाईत कारखान्याचं बांधकाम सुरू झाल्याचं कळलं तसे ते मुलाला घेऊन इकडे आले. मी पाहिलं तेव्हा पन्नाशीला टेकले होते. अंगानं वाळकुडे, उंच, आणि हात इतके मोठे की पाण्याचा पेला त्या मुठीत दिसत नसे.

उन्हाळ्यात त्यांना काही होत नसे. बेचाळीस-पंचेचाळीसच्या उन्हात तापलेल्या लोखंडावर ते पोरासारखे चढत. पण दिवाळी उलटली, धानाच्या शेतांवरून सकाळचा वारा येऊ लागला की त्यांची बोटं सुजत, गुडघे आखडत. झोपेतून उठल्याबरोबर तर अंग लाकडासारखं. त्यावर त्यांची एक ठरलेली रीत होती. पांघरुणातच आधी बोटं उघडायची-मिटायची, मग मनगटं फिरवायची, मग पाय छातीशी ओढून हळूहळू सोडायचे. सगळे सांधे हलले म्हणजेच अंथरूण सोडायचं. "झोपेतल्या माणसाले लाथ मारून उठवलं त तो दिवसभर फुगून बसते," ते म्हणत. "सांध्याचंही तसंच हाये. त्याले आवाज द्या, वाट पाहा, मंग कामाले लावा."

मग ते शेगडीजवळ येत. कोळसा पेटवून मी पाणी ठेवलेलं असे. पातेल्यात निर्गुडीचा पाला उकळायचा आणि त्या पाण्यात हात बुडवून बसायचं. त्यानंतर मोहरीच्या तेलात लसूण आणि ओवा कडकडून ते कोमट तेल गुडघ्यांना. तव्यावर मीठ भाजून त्याची पुरचुंडी केली की शेक. शेजारची छत्तीसगढी बाई मोहाच्या बियांचं तेल देऊन जाई. तेही ते लावत. कोणाच्याच औषधाला नाही म्हणत नसत. मी ह्यांच्या जुन्या स्वेटरच्या बाह्या कापून त्यांना गुडघ्यांवर चढवायला पट्ट्या करून दिल्या, तेव्हा त्यांनी त्या दोनदा ओढून पाहिल्या आणि पडद्याकडे तोंड करून म्हणाले, "बरोब्बर झाल्या." मला उद्देशून बोललेले ते त्यांचे पहिले शब्द असावेत. तेव्हा सून सासऱ्यासमोर डोक्यावर पदर घेऊनच यायची, आणि सासराही आत यायच्या आधी खाकरायचा.

एकदा ते दवाखान्यातही जाऊन आले. डॉक्टर बंगाली होते, शांत माणूस. त्यांनी दुखरे दिवस काढायला गोळ्या दिल्या आणि सांगितलं की सांधे उबेत ठेवा, रोज हलवत राहा, गार फरशीवर बसू नका, आणि थंड अंगाला एकदम जोर देऊ नका. मामाजींनी घरी येऊन हे सगळं आम्हाला जसंच्या तसं सांगितलं. लगेच गोणपाटाची दुहेरी घडी करून त्यांनी बसायला आसन केलं. डॉक्टर आणखी काही बोलले होते का, हे कोणी विचारलं नाही.

माझं पहिलं बाळंतपण जवळ येत होतं तो पुढचा हिवाळा फार कडक गेला. पत्रे सकाळी घामेजलेले असत, आणि आत दव टपकायचं. ह्यांची पाळी पहाटेची, त्यामुळे हे आधी जात. एका सकाळी मामाजी निघायच्या वेळेला दारात बसून राहिले. मला वाटलं डबा विसरले. मी डबा नेऊन ठेवला तरी ते उठेनात. मग खाली बघत म्हणाले, "सुनबाई, बोटं वळून नाही राहिले. बुटाचे बंद बांधून देशील का?"

मी क्षणभर तशीच उभी राहिले. सासऱ्याच्या पायाला हात लावणं म्हणजे नमस्कारापुरतं. पण हे वेगळं होतं, आणि त्यांनाही ते किती जड गेलं असेल ते मला दिसत होतं. त्यांनी मान भिंतीकडे वळवली होती. मी खाली बसले, पोट सांभाळत, आणि बंद बांधले. ते म्हणाले, "घट्ट नको. घोट्याले फिरायले जागा पायजे." दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. मग ते रोजचंच झालं. ह्यांना त्यांनी सांगितलं नाही, मीही नाही. त्यांचं बोलणं त्यांनीच बोलावं, असं मला वाटे.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ते एका दुपारी, सुटीच्या बऱ्याच आधी घरी आले. हात-पाय धडधाकट होते. आसनावर बसले, चहा घेतला. संध्याकाळी हे आले तेव्हा बाहेरूनच सगळं ऐकून आले होते. दारातच म्हणाले, "बाबा, तुम्ही सायबाले काय सांगितलं?"

मामाजींनी सांगितलं ते असं. सकाळी धुकं होतं. ते उंच सांगाड्यावर चढले होते, आणि खाली त्यांच्या जोडीचा खलाशी रामाधीन दोर ओढत होता. रामाधीन जवळच्याच एका खेड्यातला, चाळिशीच्या आतबाहेरचा, मामाजींना कका, म्हणजे काका, म्हणणारा. लोखंडी तुकडा कप्पीवरून वर येत असताना मामाजींनी दोर धरला, आणि त्यांच्या लक्षात आलं की दोर हातात आहे पण मूठ मिटलेलीच नाही. बोटांना कळतच नव्हतं. त्यांनी दोर दंडाला वेढा देऊन अडवला, ओरडून रामाधीनला बाजूला व्हायला सांगितलं आणि तुकडा परत खाली सोडला. काही पडलं नाही, कोणाला लागलं नाही. मग हात काखेत धरून ते ऊन येईपर्यंत तिथंच बसले, आणि बोटं वळायला लागल्यावर एकेक पायरी उतरले. उतरले ते सरळ सुपरवायझरकडे गेले.

"काय म्हणलं तुम्ही त्याले?"

"म्हणलं, साहेब, मेरे से अब ऊपर का काम नहीं होता."

हे एकदम चिडले. "कावून सांगितलं? कोणी विचारलं होतं? काही झालं तरी होतं का?"

त्यांच्या चिडण्याला कारण होतं. हे तेव्हा ठेकेदाराकडे होते, आज काम तर उद्या नाही. खोली मामाजींच्या नावावर होती. मामाजी कामावर नाहीत म्हटलं की खोली गेली, आणि माझे दिवस भरत आलेले. हे म्हणाले, "दोन महिने काढले असते. उन्हाळा लागला असता. मंग कोणाले समजलं असतं?"

"रामाधीन खाली होता," मामाजी म्हणाले.

"त्याले लागलं का?"

"नाही लागलं. म्हणून त सांगता आलं. लागल्यावर काय सांगतो?"

"एक दिवस हात आखडला म्हणून माणूस काम सोडते का?"

मी पडद्याआड उभी होते. ह्यांचं खोटं होतं असं नाही, पण त्यांना पुरतं माहीत नव्हतं. मी पदर सारखा करून पुढे आले आणि म्हणाले, "एक दिवस नाही. बुटाचे बंद मी बांधून देऊन राहिली. रोज."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मामाजींच्या पायांकडे. बूट अजून पायांतच होते. मामाजी हलक्या आवाजात म्हणाले, "डाक्टर मले पहिलेच म्हणला होता, उंचावरचं काम सोड. ते मी घरी सांगितलं नाही. मले वाटलं, तेल लावू, शेकू, निभेल. तेलानं गुडघा ऐकते, पण दोर ऐकत नाही." हे खाली बसले. मग त्यांनी मामाजींच्या बुटाचे बंद सोडले, एकेक करून, आणि बूट काढून दाराशी ठेवले.

पुढचे दिवस वाईट गेले. सुपरवायझरनं मामाजींना स्टोअरमध्ये बसवलं होतं, "देखते हैं" म्हणून. तिथं ते गंजलेल्या साखळ्या निवडत. घरी आले की खोलीकडे असे बघत, जणू ती मोजून घेत आहेत. मला एकदा म्हणाले, "सुनबाई, गावचं घर पडकं हाये, पण चूल मोठी हाये. थंडी वाजणार नाही." मी समजले. मी माहेरी कोणाला काही कळवलं नाही, फक्त बाळंत्यांची गाठोडी बांधून ठेवली, उचलायला सोपी जावीत अशी.

पण तशी वेळ आली नाही. क्रेनला खालून खुणा करणारा एक माणूस गावी निघून गेला, आणि त्याची जागा मामाजींना मिळाली. क्रेन चालवणाऱ्याला वरून सगळं दिसत नाही. खालच्या माणसानं शिटी वाजवून आणि हातांनी दाखवायचं, उचल, थांब, डावीकडे, हळू. लोखंड वर कसं वागतं हे ज्यानं आयुष्यभर पाहिलं त्याला ते काम जमणारच. अडचण एवढीच की दिवसभर हात वर करायचे, आणि मामाजींचे खांदे सकाळी वर जात नसत. "आता गुडघ्याची सुटी, खांद्याची ड्यूटी," ते घरी येऊन म्हणाले. बऱ्याच दिवसांनी ते हसले होते.

तिथं त्यांनी नवीच रीत सुरू केली. काम सुरू व्हायच्या आधी शेकोटीभोवती हात शेकायचे, मग खांदे फिरवायचे, मग बसून-उठून गुडघे मोकळे करायचे. सुरुवातीला लोक हसले. मामाजी कोणाला या म्हणाले नाहीत. आधी रामाधीन त्यांच्याशेजारी उभा राहिला, मग आणखी दोघं, आणि संक्रांतीपर्यंत जवळपास सगळी टोळीच. रामाधीननं आमच्या दारी येऊन हे सगळं स्वतः करून दाखवलं होतं. मुलगी झाली तेव्हा मामाजी तिला घेण्याआधी हात शेगडीवर धरत, गालाला लावून बघत, आणि मगच पुढे करत. "गार हातानं लेकराले उचललं त ते अंग चोरते," ते म्हणत. "मंग त्याले सवयच लागते चोरायची."

हे पुढे कारखान्यात कायम झाले, आम्हाला कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरमध्ये, पक्कं घर मिळालं. फरशी गार होती पण छत टपकत नव्हतं. मामाजी निवृत्त होऊन आमच्याकडेच राहिले. हिवाळ्यात सकाळचं ऊन अंगणात ज्या कोपऱ्यात पहिल्यांदा येई तिथं खाट टाकून बसत, आणि ऊन सरकलं की खाट सरकवत.

अशाच एका सकाळी रामाधीन आला. तोही आता थकला होता, उजवा खांदा धरून चालत होता. खाटेच्या कडेला बराच वेळ बसला, चहा पिऊन झाला तरी उठेना. शेवटी म्हणाला, "कका, साहेब ला का कहंव?" साहेबाला काय सांगू, एवढंच विचारायला तो खेड्यावरून सायकल घेऊन आला होता.

मामाजी म्हणाले, "जे हाये ते. मेरे से अब ये काम नहीं होता. बस. मंग चूप राहायचं."

"अउ ओ पूछिस त?"

"विचारलं त पुन्हा तेच सांगायचं. वय, घर, लेकरं, यातलं काही जोडायचं नाही. जोडलं की माणूस रडते."

रामाधीननं ते वाक्य तिथंच बसून दोन-तीनदा म्हणून पाहिलं. मामाजींनी त्याच्याकडे पाहिलं नाही, अंगणातल्या उन्हाकडे बघत राहिले. मग रामाधीन उठला आणि सायकल हातात धरून चालत गेला. त्याच आठवड्यात त्यानं सांगितलं, हे आम्हाला नंतर कळलं. त्याला गेटवर बसायचं काम मिळालं.

मामाजी त्यानंतरच्या वैशाखात गेले. उन्हाचे दिवस, सांधे अजिबात कुरकुरत नव्हते. दोन दिवस ताप आला आणि संपलं. अंत्यविधीला टोळीतले जुने लोक आले. तिरडी उचलायच्या वेळी कोणीतरी रामाधीनला पुढे हो म्हणालं. तो जागचा हलला नाही. सगळे त्याच्याकडे बघत होते. तो म्हणाला, "मोर खांध नइ उठय, भैया." माझा खांदा उठत नाही, एवढंच; पुढे काही जोडलं नाही. त्याच्या जागी दुसरा माणूस लागला, तिरडी उचलली गेली, आणि रामाधीन बांबूवर नुसता हात ठेवून बाजूनं शेवटपर्यंत चालत गेला.