लॅमिनेशन केलेली पदवी

माझी नर्सिंगची पदवी आमच्या घरात टीव्हीच्या वर खिळ्याला टांगलेली असायची. मेंढरं राखणाऱ्या आमच्या आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती पिरंगुटच्या झेरॉक्सवाल्याकडे नेऊन जाड प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट करून आणली होती. "पानी लागू दे, न्हाईतर उंदीर येऊ दे, आता कायबी हुत न्हाई," असं येईल त्याला सांगायचे. मलाही ते पटलं होतं. एवढी शिकले, पण तेवढी अक्कल आली नाही.

पुढे जर्मनीतल्या एका हॉस्पिटलनं मला घेतलं. अटी दोन होत्या: माझं शिक्षण तिथल्या शिक्षणाच्या बरोबरीचं आहे, हे तिथल्या कार्यालयानं मान्य करायला हवं. आणि कागद महिनाअखेरपर्यंत पोचायला हवेत. त्यासाठी मूळ पदवीच्या पाठीवर आपला सरकारी शिक्का लागतो. पुण्यात शिक्का मारणाऱ्या सरकारी कचेरीतल्या खिडकीवरच्या बाईंनी पदवीवर नखानं टकटक केलं आणि ती परत सरकवली.

"प्लॅस्टिकवर शिक्का बसत नाही हो. आणि असली पदवी दिसली की तिकडे आधी संशयच घेतात."

चार वर्षं वॉर्डात पाय मोडेस्तोवर राबून मिळवलेल्या कागदावर संशय! राग आला, पण रागाहून भीती मोठी होती. विद्यापीठातून दुसरी प्रत मिळायला किती महिने लागतील, ते कुणी सांगेना.

घरी येऊन मी इस्त्री जराशी तापवली, पदवीवर फडकं टाकलं, शेकलं आणि एक कोपरा सोडवायला घेतला. आबा समोर उकिडवे बसले होते. "दमानं पोरी, दमानं," एवढंच म्हणत होते.

निम्म्यापर्यंत नीट सुटलं. मग कर्रकन आवाज झाला. कुलगुरूंची सही आणि माझं अर्धं नाव प्लॅस्टिकला चिकटून वर आलं.

आबांनी तो कागद उचलून पाहिला. "म्या केलं ह्ये," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "मंग आता तू शिकलेली हायेस का न्हाई?"

टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच कळत नव्हतं. "हाय की," म्हणायला मी तोंड उघडलं, आणि मला ते म्हणवेना.